राजूर ते सेवाग्राम, पायी

राजूरहून सेवाग्राम किती लांब, या प्रश्नाची तीन उत्तरं आहेत. मोटारवाला म्हणतो, अडीच-तीन तास. एसटीने जाणारा म्हणतो, वणीला गाडी बदला, पुढे वर्ध्याला आणखी एक बघा, अर्धा दिवस गेला समजा. आणि पायी किती, असं विचारलं की समोरचा माणूस आधी आपल्या पायांकडे बघतो, मग तोंडाकडे आणि म्हणतो, "काहून बाप्पा, गाडी नाही का?"

गाडी आहे. तरीही आम्ही सहाजण येत्या जानेवारीत पायी जायचं म्हणतो आहोत. दोघे कॉलरीतून निवृत्त झालेले, एक शिक्षक जोडपं, एक कॉलेजात शिकणारी मुलगी आणि हे लिहिणारा मी. २४ जानेवारीला सकाळी राजूर सोडायचं आणि ३० जानेवारीला, गांधीजींच्या पुण्यतिथीला, सेवाग्राम आश्रमातल्या सायंप्रार्थनेला पोचायचं. मधे वणी, वर्धा नदीवरचा पाटाळ्याचा पूल, वरोरा, खांबाडा, नंदोरी, हिंगणघाट, वायगाव. नकाशावरचा हिशेब सुमारे सव्वाशे किलोमीटरचा. सात दिवस. चालणाऱ्याचं अंतर असंच सांगावं लागतं, दिवसांत. खरं तर मुक्कामांत.

राजूरला चालणं काही नवं नाही. हे कोळशाचं आणि चुन्याचं गाव. चुनाभट्ट्यांवर आणि खाणीवर कामाला येणारी माणसं देशाच्या कुठल्या कुठल्या मुलखांतून आली आणि पाळीची वेळ गाठायला कोसभर चालली. पण ते चालणं पोटासाठी होतं, त्याला योजना लागत नव्हती. भोंगा हीच योजना. आता घरात बसून, चहा पीत, कागदावर सात दिवसांचं चालणं मांडायला लागलो, तेव्हा लक्षात आलं की या कामाचं एक मोठं शास्त्र आहे आणि त्यातले मोठमोठे आचार्य आमच्याच परिसरात राहून गेले आहेत.

पहिले अर्थातच गांधीजी. दांडीयात्रा म्हटली की डोळ्यांसमोर येते ती मूठभर मिठाची आणि हातातल्या काठीची. त्यामागची तयारी कमी लोकांना ठाऊक असते. १२ मार्च १९३० रोजी साबरमतीहून अठ्ठ्याहत्तर सत्याग्रही घेऊन निघालेला हा माणूस २४१ मैल चालून ५ एप्रिलला दांडीला पोचला, ते काही देवाच्या भरवशावर नव्हे. गुजरात विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांची एक तुकडी पुढे गावोगाव जात होती. तिचं नाव अरुण तुकडी. मुक्कामाची जागा, पाणी, स्वयंपाक यांची व्यवस्था ती बघे. शिवाय गांधीजींनी 'नवजीवन'मधून गावांकडून माहितीच मागवली होती: लोकसंख्या किती, चरखे किती, मिठाचा खप किती, गुरं किती, चराईची जमीन किती, दारूचं दुकान किती अंतरावर. जेवण साधं असावं, मिठाई नसावी, हेही आधी कळवलेलं. तरी लोकांचा उत्साह आवरेना. २९ मार्चला भाटगामला त्यांनी जे भाषण केलं, त्यात यजमानांचीच कानउघाडणी होती आणि स्वतःचीही. सुरतेहून मोटारीने भाजी आणि दूध आणवलं होतं, रात्री प्रखर दिवे मजुरांच्या डोक्यावरून मिरवले होते. गरिबांसाठी निघालेली यात्रा गरिबाच्या डोक्यावर दिवा ठेवून चालते, हे त्यांना सोसलं नाही. आमच्यासारख्या हौशी मंडळींनी हे भाषण निघण्यापूर्वी एकदा वाचावं, असं मला वाटतं. आपल्या चालण्याचा भार दुसऱ्या कोणावर पडतो आहे, हे बघणं योजनेचाच भाग आहे.

दुसरे आचार्य विनोबा, आणि ते तर यवतमाळ जिल्ह्यातूनच गेले. १९५१ साली हैदराबादजवळ शिवरामपल्लीला सर्वोदय संमेलन होतं. विनोबांचा जाण्याचा विचार नव्हता. शंकरराव देवांनी फारच आग्रह धरला, तेव्हा येतो म्हणाले, पण पायी. सुमारे तीनशे मैल. ८ मार्चला निघाले, राळेगाव-पांढरकवड्याच्या बाजूने आदिलाबादेत शिरले आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात शिवरामपल्लीला पोचले. वय पंचावन्न, प्रकृती तोळामासा. संमेलनानंतर तेलंगणात फिरताना १८ एप्रिलला पोचमपल्लीत रामचंद्र रेड्डींनी शंभर एकर जमीन दिली आणि भूदान सुरू झालं, हे पुढचं सगळ्यांना माहीत आहे. मला त्यातली आधीची गोष्ट महत्त्वाची वाटते. भूदान ही कोणी कागदावर आखलेली योजना नव्हती. आखलेलं होतं ते फक्त चालणं. रोजचं ठराविक अंतर, पहाटे अंधारात कंदिलाच्या उजेडात निघणं, संध्याकाळी प्रार्थना आणि गावाशी बोलणं. चौकट पक्की होती म्हणून तिच्यात अनपेक्षित ते येऊन बसू शकलं. पुढे तेरा वर्षं ते चालतच राहिले आणि १९६४ मध्ये पवनारला परतले.

विनोबांची ही पहाटेची वेळ मात्र आम्हाला घेता येणार नाही. कारण वाघ. हसू नका. पांढरकवडा-राळेगाव भागात तेरा माणसांच्या मृत्यूंशी जिचं नाव जोडलं गेलं, ती 'अवनी' वाघीण २ नोव्हेंबर २०१८ रोजी मारली गेली, हे देशभर गाजलं. वणी, मारेगाव, झरी या बाजूंनाही वाघ दिसल्याच्या बातम्या येत असतात, आणि खाणींतून काढलेल्या मातीच्या ढिगाऱ्यांवर माजलेल्या बाभळी त्याला लपायला बऱ्या पडतात. तेव्हा आमच्या कागदावर पहिला नियम असा आहे: उजाडल्याशिवाय निघायचं नाही, दिवेलागणीनंतर चालायचं नाही आणि निघण्याआधी वनखात्याच्या माणसाला विचारायचं. जानेवारीत दिवस लहान. साडेसात ते अकरा आणि तीन ते साडेपाच, एवढेच तास हाती उरतात. तासाला चार किलोमीटर धरले, तर वीसच्या पुढे जाऊ नये. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक ठोकताळा सांगितला, तो अजून जगभर वापरतात: तीन मैलांना एक तास आणि दर दोन हजार फूट चढाला आणखी एक तास. आमच्याकडे चढ नाही. पण काळी माती आहे. अवकाळी पाऊस पडला की चपलेला शेर-दोन शेर माती घेऊन चालावं लागतं, त्याचा ठोकताळा नेस्मिथसाहेबांकडे नाही.

आता इंग्लंडकडे वळतो, कारण या सगळ्या नादाची सुरुवात तिकडच्याच एका गोष्टीपासून झाली. विनोबांचा एक शिष्य होता, राजस्थानचा सतीशकुमार. नवव्या वर्षी जैन साधू झालेला, अठराव्या वर्षी ती दीक्षा सोडून भूदानात आलेला. १९६२ मध्ये तो आणि त्याचा मित्र ई. पी. मेनन दिल्लीला गांधी समाधीपासून निघाले आणि मॉस्को, पॅरिस, लंडन करत वॉशिंग्टनपर्यंत गेले, अण्वस्त्रांच्या विरोधात. समुद्र सोडला तर बहुतेक पायी. निघण्याआधी विनोबांना भेटले, तेव्हा विनोबांनी दोन शस्त्रं दिली: शाकाहार सोडू नका आणि बरोबर एक पैसाही घेऊ नका. पैसा असला की माणूस हॉटेलात उतरतो. नसला की दार ठोठवावं लागतं, बोलावं लागतं. पुढे सतीशकुमार इंग्लंडातच स्थायिक झाले आणि पन्नाशीला, १९८६ च्या सुमारास, ब्रिटनमधल्या तीर्थक्षेत्रांची पायी यात्रा केली, पुन्हा बिनपैशांची. पवनारच्या आश्रमातला मंत्र डेव्हन आणि यॉर्कशरच्या शेतांमधून चालला, ही गोष्ट वाचली आणि मनात आलं, ज्या वाटांवरून तो चालला त्या कशा असतील?

त्या वाटांची हकीकत ऐकण्यासारखी आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये मिळून सुमारे एक लाख चाळीस हजार मैल सार्वजनिक वाटा आहेत. त्यातल्या कितीतरी खासगी शेतांतून, कुरणांतून, एखाद्याच्या गोठ्याला खेटून जातात, आणि त्यांवरून चालण्याचा हक्क कोणाही माणसाला आहे. कुंपण आडवं आलं तर ओलांडायला लाकडी पायऱ्या असतात. शेतकऱ्याने नांगरताना शेतातली पायवाट मोडली, तर ठराविक दिवसांत ती पुन्हा चालण्याजोगी करून देणं कायद्याने त्याच्यावर बंधनकारक आहे. पहिल्या नांगरटीनंतर चौदा दिवस. हे काही राणीसाहेबांच्या कृपेने झालेलं नाही. २४ एप्रिल १९३२ ला मँचेस्टरच्या बाजूचे काही शे कामगार किंडर स्काउट नावाच्या डोंगरावर मुद्दाम घुसले. डोंगर शिकारीसाठी राखलेला, मालक उमराव. सहा दिवस गिरणीत राबणाऱ्यांना रविवारी मोकळ्या हवेत चालायचं होतं, एवढीच मागणी. पुढारी बेनी रॉथमन, वय अवघं वीस. पाच जणांना तुरुंगवास झाला. नंतर १९३५ मध्ये टॉम स्टीफन्सन या पत्रकाराने 'डेली हेरल्ड'मध्ये लेख लिहून पेनाइन डोंगररांगेवरून एक लांबलचक पायवाट हवी असं सुचवलं. १९४९ मध्ये कायदा झाला, काउंटी कौन्सिलांनी वाटांचे अधिकृत नकाशे करायला घेतले आणि २६८ मैलांची 'पेनाइन वे' उघडली ती २४ एप्रिल १९६५ ला. लेख आणि वाट यांच्यात तीस वर्षं गेली. एकेका शेतमालकाशी बोलणी करत वाट पुढे सरकली.

दुसरी प्रसिद्ध वाट आल्फ्रेड वेनराइटची, एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत, सेंट बीज ते रॉबिन हूड्ज बे, सुमारे १९० मैल. हा गृहस्थ नगरपालिकेत हिशेबनीस होता. १९७३ मध्ये त्याने हाताने लिहिलेलं, हाताने चितारलेलं मार्गदर्शक पुस्तक काढलं आणि तेव्हापासून लोक त्याच्या पावलांवर पावलं टाकताहेत. त्याचं स्वतःचं म्हणणं मात्र, माझ्याच वाटेने चला असं नाही, नकाशे घ्या आणि आपली वाट आपण काढा, असं होतं. आता त्या वाटेवर जायचं तर महिने-महिने आधी प्रत्येक मुक्कामाची खोली ठरवावी लागते. एक रात्र चुकली की पुढच्या साऱ्या रात्री चुकतात. सामान पुढच्या गावी नेऊन ठेवणाऱ्या गाड्याही मिळतात. चालणारा फक्त पाण्याची बाटली आणि रेनकोट घेऊन निघतो. आमच्या वारीच्या दिंडीतल्या ट्रकचीच ही विलायती आवृत्ती म्हणायची. तंबू, भांडी, शिधा घेऊन ट्रक पुढे जातो, टँकर पुढे जातो, माउलींच्या मागे-पुढे दिंड्या क्रमांकाने चालतात, चोपदार दंड उंचावतो आणि लाखभर माणसं शांत होतात. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी त्या सोहळ्याला जी शिस्त लावली, ती पाहिली की आपल्याकडे नियोजन नाही, असं म्हणणाऱ्यांची कीव येते. आमच्या विदर्भातूनही शेगावची गजानन महाराजांची पालखी महिनाभर चालून पंढरपूर गाठते. कोणी खोल्या राखून ठेवत नाही. गाव ठरलेलं, तिथी ठरलेली, पंगत ठरलेली. पिढ्यान् पिढ्या तीच.

म्हणजे तिकडे वाट कायद्याने सांभाळली आणि इकडे रिवाजाने. पण हा रिवाज पालखीच्या ठरलेल्या रस्त्यापुरता आणि आषाढापुरता. एरवी सहा माणसं राजूरहून सेवाग्रामला निघाली, तर त्यांची वाट कोणती?

डांबरी रस्ता आहे ना, म्हणाल. वणीच्या आसपासच्या रस्त्यावर एक तास चालून दाखवा. कोळशाचे ट्रक एकामागून एक, धूळ अशी की पांढरा सदरा घातल्याचा पश्चात्ताप व्हावा, आणि रस्त्याच्या कडेला चालायला जागा म्हणून जी असते ती गिट्टीची उतरंड. या रस्त्यावर पायी चालणं हे व्रत नसून जुगार आहे. म्हणून आम्ही पांदणी शोधायला लागलो. आणि खरी गंमत इथेच आहे. आपल्याकडेही वाटा कागदावर आहेत! गाव-नकाशा काढून बघा. ग्रामीण रस्ता दोन भरीव रेषांनी दाखवलेला असतो. गाडीमार्ग दोन तुटक रेषांनी; त्याची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. पायमार्ग एका तुटक रेषेने, रुंदी सव्वाआठ फूट. सव्वाआठ फूट म्हणजे सहाजण दोन-दोनच्या ओळीने गप्पा मारत जातील. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ प्रमाणे बांधावरून जाण्याच्या हक्काचा निर्णय तहसीलदार देऊ शकतो. १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदा अडवलेली वाट मोकळी करून देतो, फक्त अर्ज सहा महिन्यांत करावा लागतो. त्यातही विदर्भातल्या गावांसाठी 'वाजिब-उल-अर्ज' नावाची एक नोंद असते. गावातल्या लोकांचे वहिवाटीचे हक्क, त्यात येण्याजाण्याचा हक्कसुद्धा, तिच्यात लिहिलेले असतात. नाव फारसी, मजकूर आपला. किती जणांनी ती उघडून बघितली असेल?

नकाशावरची तुटक रेष घेऊन शेतात गेलं की मात्र निराळं दृश्य. दोन्हीकडच्या धुऱ्यांनी हळूहळू आत सरकत पांदण गिळलेली. कुठे तूर उभी, कुठे काटेरी तार. यात सगळा दोष शेतकऱ्याचा म्हणता येत नाही. दोन एकराचा एक एकर झाला की माणूस तासाभराची वाटही पेरायला काढतो. शिवाय बैलगाडी गेली, ट्रॅक्टर लांबून पक्क्या रस्त्याने येतो, पोरं मोटारसायकलने शाळेत जातात. पांदणीने जाणारं कोणी उरलं नाही, म्हणून पांदण उरली नाही. आणि जिथे उघडी खाण झाली, तिथे तर प्रश्नच मिटला. नकाशावर वाट आहे, जमिनीवर दीडशे फुटांचा खड्डा आहे.

इंग्लंडातही वाटा अशाच हरवल्या होत्या. तिथे स्वयंसेवक जुने नकाशे, चर्चची दप्तरं, रेल्वेचे आराखडे धुंडाळून त्या शोधून काढतात आणि कौन्सिलकडे अर्ज करतात. २००० च्या कायद्याने त्यासाठी १ जानेवारी २०२६ ही अखेरची तारीख ठेवली होती. ती पुढे २०३१ वर नेली आणि २०२४ च्या डिसेंबरात सरकारने मुदतच काढून टाकण्याचं जाहीर केलं. चालणाऱ्यांच्या संघटनांनी रेटा लावला म्हणून. आपल्याकडेही पाणंद रस्त्यांच्या सरकारी योजना निघतात, २०२१ मध्ये मातोश्रींच्या नावाने निघाली, पण तिचा रोख ट्रॅक्टर आणि मालवाहतुकीवर. तो चुकीचा आहे असं नाही. कापूस घरी यायलाच हवा. फक्त चालणाऱ्याचं नाव त्यात कुठे नाही.

तर आमची योजना सध्या अशी उभी आहे. पहिला दिवस मोठा, पाटाळ्यापर्यंत, कारण पायात नवा जोर असतो. दुसरा मुद्दाम लहान, कारण फोड दुसऱ्या दिवशी येतात. रात्री वरोऱ्याला. २६ जानेवारीचं झेंडावंदन करून पुढे निघायचं. आनंदवनात ते व्हावं अशी इच्छा आहे. ज्या बाबा आमट्यांनी पाठीच्या कण्याने दगा दिलेला असताना १९८५ मध्ये कन्याकुमारीहून 'भारत जोडो' काढलं, त्यांच्या अंगणातून निघताना आपल्या टाचेच्या फोडाबद्दल कुरकुर करायची सोय राहत नाही. तिथून नंदोरीपर्यंतचा हमरस्ता टाळायला आतल्या गावांतून जायचं, एकेका गावच्या ओळखीच्या माणसाला फोन करून, "तुमच्याकडून पुढच्या गावाला पायी जाता येते का?" असं विचारणं चालू आहे. उत्तरं मोठी मासलेवाईक येतात. तरुण म्हणतात, नाही. त्यांच्या आज्या मागून ओरडतात, "जाते ना! नाल्याच्या काठाकाठानं जाते!" आमचा नकाशा सध्या या आज्यांच्या भरवशावर भरतो आहे.

सामानावर दोन बैठका खर्ची पडल्या. पाठीवरचं ओझं वजनाच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त नको, यावर एकमत झालं. त्या हिश्शात काय बसतं यावर नाही. एक घोंगडी की चादर आणि स्वेटर? पुरुषमंडळींनी टॉर्च, दोरी, चाकू, औषधं असा थाट मांडला होता. कॉलेजातल्या मुलीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "प्रत्येक मुक्कामी संडास आहे का, हे कोणी विचारलं?" कोणीही विचारलं नव्हतं. आता यादीत पहिली ओळ तीच आहे. शाळा मिळाली तर उत्तम, पण २६ तारीख सोडता शाळा चालू असतात, तेव्हा सायंकाळी पाचनंतर यायचं आणि सकाळी घंटेआधी खोली झाडून द्यायची. पैसे बरोबर घ्यायचे की विनोबांचं ऐकायचं, यावर वाद झाला. शिक्षक म्हणाले, कोणाच्या घरी उपाशी पोराच्या ताटातलं जेवून आपली साधना करायची, हे बरोबर नाही. मलाही ते पटलं. शेवटी शिधा आपला आणि चूल त्यांची, असं ठरलं. ज्वारीचं पीठ, बेसन, तिखट-मीठ, भिजवायला चणे, गूळ आणि शेंगदाणे. रात्री भाकर आणि पिठलं.

गावोगावी पाठवायचं पत्र तेवढं लिहून झालं आहे. सहा माणसं, त्यात दोन बाया. एक रात्र. एक खोली किंवा पडवी, पिण्याचं पाणी, संडास, चूल. सत्कार नको, हार नको, मोटारीने कोणी घ्यायला येऊ नये. गावातली सर्वात म्हातारी व्यक्ती संध्याकाळी अर्धा तास बसली तर बरं. तिच्याकडून पुढच्या गावची जुनी वाट विचारून घ्यायची आहे.